दहावा टायर

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण दादाचा एक्स-रे माझ्या कपाटात आहे. तीन बरगड्या आणि उजवं मनगट.

गेल्या वर्षीचा मार्च महिना, मंगळवार. चाकणहून म्हाळुंग्याकडे जाताना ट्रक उभे करायचं एक मैदान लागतं. तिथे घडलं हे. रात्र नव्हती. दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं.

माझा दादा, गणराज, ट्रक चालवतो. त्या मैदानात एका सिनेमाचं शूटिंग होतं. स्वस्तातला, मारधाडीचा. ट्रकवाल्या हिरोच्या बापाला गुंड मारतात, मग हिरो एकटा वीस जणांना लोळवतो... असल्या सिनेमात दुसरं काय असतं. हिरोला ट्रक येत नव्हता आणि मारही खायचा नव्हता. म्हणून तोंडाला गमछा बांधून त्याच्या जागी दादा.

तो कबूल झाला ते सलोनीसाठी. चार वर्षांची त्याची लेक. तिला सिनेमातला बाबा बघायचा होता.

ट्रक चिखलीच्या भंगारातून आणलेला. दहा चाकी.

टायर वाजवल्याशिवाय दादा कुठलीच गाडी हलवत नाही. चाक खोलायच्या लोखंडी दांड्याने, म्हणजे टॉमीने, एकेक टायर ठोकायचा. आवाजावरून हवा कळते.

ठक. ठक. ठक...

नऊ झाले.

"गणराजभाऊ, चला राव," दिग्दर्शक गुरुदत्त म्हणाला. "ऊन उतरतंय. सिनेमातल्या ट्रकची हवा कोण बघतंय?"

"एकच राहिलाय, साहेब."

"तो पार्ट टूमध्ये ठोका."

सगळे हसले. दादाही हसला. मागचा डावा टायर तसाच राहिला.

मैदानाचे राखणदार आबाजी तेवढे हसले नाहीत.

मग मारामारीचा शॉट. दादाला त्याच मागच्या डाव्या टायरपाशी पाडून चौघांनी मारायचं. दांडे रबराचे. रक्त म्हणजे रंगवलेला साखरेचा पाक.

चौघे तुटून पडले. फटके मऊ होते. दादा खोटं खोटं कण्हत होता.

"कट."

दांडे खाली झाले. दादाने उठायला हात टेकला...

ठक.

मनगट मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला.

ठक.

बरगडीवर. श्वासच गेला. तोंडात रक्त आलं, आणि ते गोड नव्हतं.

त्याने मान वळवली. ते चौघे लांब उभे राहून पाणी पीत होते.

त्याच्याजवळ कुणीच नव्हतं. सावलीसुद्धा नाही.

ठक. ठक...

अंग प्रत्येक फटक्याला उडत होतं. लोकांना वाटलं, गडी काय अ‍ॅक्टिंग करतोय. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कॅमेरा चालूच होता.

आबाजी धावले. दोन्ही पाय धरून त्यांनी दादाला ट्रकपासून ओढून काढलं.

थांबलं.

दवाखान्यात आबाजी भिंतीकडे बघत बोलले.

"ह्याच गाडीवर उद्धवराव म्हणून डायव्हर हुता. ह्याच मैदानात टायर वाजवीत हुता. मागनं चौघं आले. त्याचीच टॉमी हिसकली आन् त्याच्यावरच... त्याचाबी मागचा डावा ऱ्हायला हुता."

"तुम्ही कुठं होता?" वहिनीने विचारलं. विजयश्री वहिनी, दादाची बायको.

"खोलीत. दार लावून घेतलं हुतं मी."

सिनेमा दिवाळीत मोबाइलवर आला. तो शॉट त्यांनी ठेवलाय. कट म्हटल्यानंतरचा. बाकीचे चौघे कडेला कापून टाकलेत. नुसता ट्रक, जमिनीवर दादा, आणि तो आवाज.

सलोनी तेव्हा बालवाडीत आकडे शिकत होती. बाबाच्या मांडीवर बसून बोट नाचवत मोजायला लागली.

"...सात, आठ, नऊ." ती थांबली. "बाबा, दहा कुठंय?"

दादाने फोन पालथा घातला.

आता तो पुन्हा गाडीवर जातो. तीही दहा चाकीच. निघण्याआधी पिंपळे गुरवला घरी फोन लावतो, फोन खिशात ठेवतो आणि टायर वाजवतो. वहिनी तिकडे फोन कानाला लावून ऐकते. पोळ्या बाजूला ठेवून ती मोजत राहते. दहा झाले की म्हणते, "या जाऊन."

परवा म्हणाली नाही.

परवा तिने अकरा मोजले.