मागून घेतलेले वार

वडिलांना आधार देत तेजस्वी दारात उभी होती. वाडीतल्या सिद्धेशची गाडी यायची होती, पण समोर येऊन थांबली एक रिक्षा.

"सिद्धेशाची गाडी बंद पडली," आतल्या तरुणाने भिजलेले केस मागे सारले. "आज काकांका मी नेतंय... मी निकेत, वरच्या वाडयेतलो."

होडी ओढताना पडून तिच्या वडिलांचं, लवूंचं, मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण गुडघा वाकेना. व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा जामसंड्याला जायचं होतं. कुणकेश्वरातल्या त्यांच्या वाडीच्या मंडळाने मग वार वाटून घेतले. ज्याच्याकडे गाडी, त्याने एक दिवस न्यायचं. "माका कोणाचे उपकार नको," असं लवूंनी म्हणून बघितलं, पण मंडळाच्या यशोदाकाकींनी ते ऐकूनच घेतलं नाही.

निकेत इतकी हळू रिक्षा चालवत होता, की सायकलवालेही पुढे निघून गेले.

"हेच्यापेक्षा चलत बरा," तेजस्वी पुटपुटली.

"काकांका धक्को बसता," तो म्हणाला. आरशातली नजर मात्र काकांकडे नव्हती!

बुधवार किशोरीकाकींच्या मुलाचा. आला निकेत. "तो कणकवलीक गेलो." शुक्रवारी परत तोच.

"आता कोण खंय गेलो?"

"तेका... ताप इलो."

"कोणाक?"

निकेतला नावच सुचेना. तेजस्वीने ओढणीआड हसू लपवलं.

पण एके दिवशी व्यायाम करताना लवू कळवळले. "आता काय होडयेर चढाक गावाचा नाय," ते म्हणाले, आणि तेजस्वीचे डोळे भरून आले. निकेतने पुढे होऊन त्यांची टाच अलगद दोन्ही हातांत धरली.

"असा म्हणा नको, काका. मगे माका जाळा टाकूक कोण शिकवतलो? आमी आंबेवाले... मी तर दर्याक भितंय."

दुखत असतानाही लवू हसले. तेजस्वी त्या दोन हातांकडे बघतच राहिली...

"सगळ्यांकडसून वार मागून घेतल्यान गो तेना," पुढे यशोदाकाकींनी तिला सांगितलं. "म्हणता, काकांची काळजी वाटता." मग डोळे मिचकावले. "काकांचीच हां!"

दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही. त्या दिवशी लवू नुसती काठी टेकत घरात गेले. निकेत रिक्षाशीच घुटमळला.

"मगे... संपला म्हणायचा, येणा-जाणा."

बारीक सर आली. तेजस्वी जागची हलली नाही.

"सोमवारी माका जामसंड्याक जावचा आसा."

"काम काय?"

"काय नाय. तुझ्यावांगडा, तुझ्या रिक्षेत बसान जावचा आसा... म्हणान."

त्याचे कान लालबुंद झाले. "आणि काकांका काय सांगतलस?"

"सांगलंय. सकाळीच."

"काय म्हणाले?"

तेजस्वीने खाली बघितलं, मग सरळ त्याच्या डोळ्यांत. "म्हणाले, आता चलाक येता, तर पयलो निकेतच्या बापाशीक भेटान येतंय."