शेवटच्या नावाखाली

लेक झाल्यानंतर मी केलेलं पहिलं काम म्हणजे तिच्याच पाळणाघरासाठीचं एक वेबपान. ती झोपली की लिहायचं, ती उठली की लॅपटॉप मिटायचा, असं करत करत ते उभं राहिलं. पोरांच्या हाताला येईल इतक्या खाली, भिंतीवर टॅबलेट लावला. त्यावर मुलांची नावं आणि चित्रं, एकाखाली एक. आल्यावर मुलानं आपली ओळ दाबायची, ती हिरवी होते. आई किंवा बाबा न्यायला आले की पुन्हा दाबायची, पांढरी होते. सगळ्या ओळी पांढऱ्या झाल्या की पाळणाघराच्या मावशी कुलूप लावतात.

प्रत्येक ओळीला वेगळा कोड मी लावलाच नाही. चित्रावर दाबा नाहीतर नावावर, स्पर्श वर यादीपर्यंत पोचतोच. म्हणून स्पर्श ऐकणारा कान एकच, तो अख्ख्या यादीला. उद्या नवं मूल आलं, तरी त्याचंही ऐकलं जाणार.

"एवढ्याशा कोडचा केवढा तोरा," नवरा म्हणाला.

"असणारच. तुझ्या लेकीवर लक्ष ठेवतो तो."

सुरुवातीला सगळं छान चाललं. मग मावशींचा फोन आला. "ताई, शेवटच्या नावाखाली एक रिकामी ओळ आलीय. पोरं सगळी गेली आणि ही आपली हिरवीच. मी कुलूप कसं लावू?"

मी ती ओळ काढून टाकली. दुसऱ्या दिवशी ती परत हजर. कोड वरपासून खालपर्यंत तपासला. एकही चूक नव्हती. मावशी रोज संध्याकाळी कपाटं उघडून, पलंगाखाली वाकून शोधत राहायच्या. शेवटी म्हणाल्या, "माझीही पोरं घरी वाट बघतात हो. जमत नसेल तर काढून न्या. मी आपली तोंडी मोजेन."

ते फार लागलं. मी कोडमध्ये एक अट घातली: ओळीला नाव नसेल, तर ऐकायचं नाही.

त्या संध्याकाळी मीच शेवटी पोचले. लेकीनं आपली ओळ दाबली. सगळं पांढरं, ती रिकामी ओळसुद्धा.

"जमवलंत बाई," म्हणत मावशींनी दिवे मालवले, कुलूप लावलं. माझी मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू.

लेक पायरीवरून हलेना. "तो लाहिला," ती म्हणाली.

"कोण गं?"

तिनं दाराच्या काचेवर बोट ठेवलं.

आत अंधार. फक्त टॅबलेट उजळलेला. बोट टेकलं की ओळ जराशी करडी होते, उचललं की पूर्ववत. कोड ऐको न ऐको, तेवढं होतंच.

शेवटच्या नावाखालची ओळ करडी झाली. पांढरी. परत करडी.

थांबेचना.

मावशींनी माझा दंड धरला. "आत कुणी नाहीये, ताई. मी बघितलंय."

मी पायरीवरच बसले. पिशवीतून लॅपटॉप काढला आणि अट पुसली.

ओळ हिरवी झाली.

जरा वेळानं, पांढरी.

"झालं," लेक म्हणाली.

मावशींनी कुलूप ओढून पाहिलं. घट्ट लागलेलं होतं. पान आता कुणाहीपुढे ठेवावं इतकं चोख चाललं होतं.

लेक माझ्या मांडीवर चढली आणि एका बाजूला सरकून बसली. मोकळ्या बाजूची मांडीही तितकीच जड लागत होती.