डबी आहे, डबी नाही

"पुन्हा गेलं!" दमयंतीआत्या ओरडली. मैना इतकी दचकली की तिच्या हातातला स्टेपलर सुळकन निसटून बाबल्याच्या पायावर पडला.

"आई गं! गेला माझा अंगठा!"

"अंगठा आहे रे जागेवर. यादी गेली! एकशे चाळीस पेट्यांची!" आत्याने कपाळाला हात लावला.

मैना तेरा वर्षांची होती, आणि मे महिन्याच्या सुट्टीत माणसाने समुद्रावर असावं असं तिचं ठाम मत होतं. त्याऐवजी ती, तिचा दहा वर्षांचा भाऊ बाबल्या आणि मुंबईहून आलेला चुलतभाऊ रघू, तिघं सोनकिनारा आंबा बागायतदार संघाच्या कचेरीत बसून आत्याला बागायतदारांची नावं वाचून दाखवत होती. १९८८ साल होतं. रत्नागिरीत संगणक म्हणजे अप्रूप! व्यवस्थापक मयेकरसाहेब रोज सकाळी नऊच्या ठोक्याला त्याला उदबत्ती ओवाळत आणि मगच बटण दाबत. चपला बाहेर, बोलणं हळू, शिंक आली तर गॅलरीत.

इतकं करूनही हा देव रोज दुपारी कोपायचा.

"पण होतं काय नक्की?" रघूने विचारलं. त्याने गिरगावात पंधरा दिवसांचा संगणकाचा वर्ग केला होता आणि ही गोष्ट तो पंधरा मिनिटांतून एकदा तरी सांगायचा.

आत्याने संगणकाच्या पाठीमागे बोट दाखवलं. तिथे काडेपेटीएवढी एक डबी खोचलेली होती. "ही कंपनीची डबी. आपल्या यादीचा प्रोग्राम तिला सारखा विचारतो, 'बाई, आहेस ना?' डबी असेल तर काम चालू. नसेल तर त्याला वाटतं आपल्याला कुणीतरी चोरलं, मग तो अर्धी यादी फेकून देतो आणि गप्प बसतो. ट्रकची यादी पुरी झाल्याशिवाय जपून ठेवत नाही, अशी त्या कंपनीची अक्कल! आता बघ, पडद्यावर लिहून आलंय, डबी जागेवर नाही. आणि डबी तर ही इथे आहे!"

"कुणी काढत असेल," मैना म्हणाली.

"कोण काढणार? एक ते दोन जेवणाची सुट्टी. साहेब स्वतः खोलीला कुलूप लावतात आणि किल्ली खिशात घालून जेवायला बसतात."

तेवढ्यात दार आवाज न करता उघडलं आणि मयेकरसाहेब आत आले. या कचेरीत कुठलंच दार कधी करकरायचं नाही.

"पुन्हा? छान! मी मुंबईला कंपनीत ट्रंककॉल केला होता. ते म्हणाले, यंत्र चुकत नाही, चालवणारा चुकतो. शनिवारी अध्यक्षीणबाई येताहेत. मी अहवाल लिहून ठेवलाय. सहा महिन्यांची तुमची उमेदवारी संपली, दमयंतीबाई. निष्काळजी माणसाला कायम करता येत नाही!"

साहेब आले तसेच बिनआवाजी गेले. आत्या पदराने डोळे टिपू लागली. मैनेला रडणाऱ्या माणसांपेक्षा रडवणाऱ्यांचा राग जास्त यायचा. आत्ता तर तो नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला.

"रघ्या, त्या डबीवर पाळत ठेवणारा प्रोग्राम लिहिता येईल?"

"अगं, पंधरा दिवसांच्या वर्गात..."

"येईल की नाही, तेवढंच सांग!"

"येईल."

ठरलं. सकाळची यादी आत्याने वहीत लिहायची, दुपारी तिघांनी भराभर वाचून ती संगणकात भरायची, आणि एक ते दोन संगणक रघूच्या प्रोग्रामच्या ताब्यात.

बुधवारी रघूने प्रोग्राम लिहिला. दोन वाजता कुलूप उघडलं, सगळे पडद्याकडे धावले. सहा ओळी होत्या. सहाही वेळा 'आहे'.

"बघ! डबी हललीच नाही!" रघू म्हणाला.

"तू कितीदा बघितलंस?"

"दर दहा मिनिटांनी."

"आणि मधल्या वेळात कुणी काढून परत लावली तर?" मैना कडाडली. "अरे, बाबल्यासमोर लाडवांचा डबा ठेवून दर दहा मिनिटांनी बघायला आलास तर कधी सापडेल का तो?"

"कध्धी नाही!" बाबल्याने अनुभवाने सांगितलं.

गुरुवारी रघूने दर सेकंदाला बघायला लावलं. दोन वाजता पडदा गच्च भरलेला. आहे, आहे, आहे, आहे...

"पंचवीस ओळींचा पडदा," रघू ओशाळून म्हणाला, "पंचवीस सेकंदांत भरला. आधीचं सगळं वर सरकून गेलं."

"देवा!" मैनेने दोन्ही हात डोक्यावर मारले. "आहे ते आहे म्हणून कशाला ओरडतोस? आमच्या शेजारच्या काशीकाकू तरी रोज सकाळी 'माझं घर आहे हो जागेवर' असं सांगत फिरतात का? बदललं तरच सांग! होती ती गेली, तर एक ओळ. गेलेली आली, तर दुसरी ओळ. मधे तोंड बंद!"

पंधरा दिवसांच्या वर्गात हे शिकवलं नव्हतं. रघू पुन्हा प्रोग्राम बदलायला बसला.

शुक्रवारी दोन वाजता पडद्यावर बरोबर दोन ओळी होत्या.

गेली. आली.

"सापडलं!" तिघं एकदम किंचाळली. मग मैनेने ओळींपुढची तारीख वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "एक जानेवारी १९८०? पहाटे चार वाजून बारा मिनिटं? रघ्या!"

"माझी चूक नाही! याच्या पोटात घड्याळाची बॅटरीच नाही. बंद केला की सगळं विसरतो. पुन्हा लावला की याच्या मते १९८० साल उजाडतं आणि रात्रीचे बारा वाजतात."

"म्हणजे बटण दाबल्यापासून चार तास बारा मिनिटांनी," मैना पुटपुटली. "साहेब बटण दाबतात नऊच्या ठोक्याला. नऊ आणि चार... एक वाजून बारा मिनिटं! आणि सहा मिनिटांनी परत आली. कुलूपबंद खोलीत!"

बाबल्या तोवर टेबलामागे घुसला होता. "ताई, या डबीला आजीच्या केसांचा वास येतोय."

मैनेने डबीवर बोट फिरवलं. बोट सुळकन घसरलं. खोबरेल! तिला स्टेपलर आठवला. न करकरणारं दार आठवलं. टेबलामागच्या भिंतीत एक झरोका होता. छपाईच्या यंत्राची कटकट साहेबांना सहन होत नसे, म्हणून ते पलीकडे गोदामात ठेवलं होतं आणि त्याची केबल या झरोक्यातून जायची. केबल जाते तिथून हातही जातो. आणि पलीकडे बसायचे गोदाम सांभाळणारे विठूकाका, खांद्यावर तेलकट फडकं टाकून, मुलांना रोज न विसरता कोकम सरबत देणारे.

"विठूकाका?" बाबल्याचा आवाज बारीक झाला. "मग आत्या वाचेल आणि त्यांना काढतील?"

हाच तर घोळ होता. मैना हात चोळत व्हरांड्यात आली. तिथे भिंतभर साहेबांची परिपत्रकं टांगलेली. ती कुणीच वाचत नसे. मैनेने रागारागाने एकापासून वाचायला सुरुवात केली आणि सतराव्यापाशी ती थांबली. मग पहिल्यांदाच त्या आठवड्यात ती हसली.

शनिवारी एकच्या सुमारास अध्यक्षीणबाई आल्या. येसूबाई सुर्वे लांज्याहून एसटीने आल्या होत्या. नऊवारी, हातात छत्री, स्वतःची चारशे कलमं स्वतः राखणारी बाई. साहेबांनी अहवाल पुढे केला.

"थांबा," मैना म्हणाली. "आजी, एक वाजून बारा मिनिटांपर्यंत थांबाल? याच खोलीत, अगदी गप्प."

"ही काय सर्कस आहे?" साहेब उसळले.

"मयेकर, मी दीड तास एसटीत उभी होते," येसूबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "बारा मिनिटं बसायला मिळतात तर बसू द्या."

एक वाजला. दार बंद झालं. सगळे भिंतीला चिकटून उभे. दहा मिनिटं. अकरा. बाबल्याने श्वास धरला आणि तो लालबुंद झाला.

टूं! पडद्यावर ओळ उमटली. गेली.

झरोक्यातून आलेला एक हात डबी घेऊन परत चालला होता.

"चोर! चोर!" साहेबांनी झेप घेऊन मनगट धरलं. मनगट सुळकन निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं! तिसऱ्या झेपेला हात पलीकडे गेला आणि साहेब फरशीवर बसले.

"कोण तो मेला?" पलीकडून विठूकाका ओरडले. "वाटी सांडली ना तेलाची!"

विठूकाकांना आत आणलं गेलं. एका हातात डबी, दुसऱ्यात फडकं. "मी रोज पुसतो की, बाय. खोलीला कुलूप असतं, म्हणून झरोक्यातनं हात घालतो. समुद्राची हवा ही, दोन दिवसांत गंज धरतो. पाच-सहा मिनिटं मुरू द्यायचं तेल, मग लावायची परत. कधी चुकलो नाय!"

"कुणाला विचारून?" साहेब गरजले. "चालते व्हा!"

मैनेने व्हरांड्यातून काढून आणलेली चौकट येसूबाईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "परिपत्रक क्रमांक सतरा. कचेरीतील प्रत्येक धातूच्या वस्तूस रोज दुपारी तेलाचा हात फिरवावा. कसूर करणाऱ्याची गय केली जाणार नाही." त्यांनी मान वर केली. "खाली सही कोणाची, मयेकर?"

"माझी... दिसते."

"दिसते खरी." येसूबाईंनी अहवाल उचलला आणि विठूकाकांना दिला. "सांडलेलं तेल पुसा याने. दमयंती सोमवारपासून कायम. विठूने हुकूम पाळलाय, त्याला कुणी बोलायचं नाही." मग त्या मुलांकडे वळल्या. "हे पाळतीचं यंत्र कुणी केलं?"

"मी," रघू म्हणाला. मग मैनेकडे बघून म्हणाला, "म्हणजे, लिहिलं मी. अक्कल हिची. वास बाबल्याचा."

"बदललं तेवढंच सांगायचं, मधे तोंड बंद," मैनेने समजावलं.

"शाबास गो पोरी! माझ्या अख्ख्या कार्यकारी मंडळात इतकं कुणाला कळत नाही. हापूसची एक पेटी यांच्या घरी पोचवा. आणि यांना आता समुद्रावर सोडा!"

सोमवारी व्हरांड्यात नवं परिपत्रक लागलं. संगणकास अथवा त्याच्या कोणत्याही भागास तेल लावू नये. विठूकाकांनी ते दोनदा वाचलं, मान डोलावली, आणि ज्या खिळ्याला ते टांगलं होतं त्या खिळ्यावर तेलाचा हात फिरवला. लोखंडी होता ना!