एकजण जास्त

शहरातला मनोरा बघायला परगावाहून माणसं येतात, आणि आपण रोज त्याच्या सावलीतून कामावर जाऊनही एकदा वर चढलो नाही, ही काय तऱ्हा झाली? चष्मेवालीनं ही टकळी इतके दिवस चालवली की शेवटी नवऱ्यानं हात टेकले आणि सुट्टीच्या दुपारी चौघं निघाली. चष्म्याच्या दुकानात लग्नाआधीपासून काउंटर सांभाळायची म्हणून हिला सगळे चष्मेवाली म्हणत. नवरा वायरमन, त्यामुळे जगातल्या प्रत्येक यंत्राबद्दल त्याचं एक मत होतं. थोरली मुलगी सातवीत, जिभेमुळे तिचं नाव मिरची पडलेलं. आणि धाकटा तर रांगेतच बापाच्या खांद्यावर झोपून गेला.

"हात्तिच्या! याला मनोरा दाखवायला आलो आणि हा घोरतोय," मिरची म्हणाली.

लिफ्ट चांगली खोलीएवढी होती. कोपऱ्यात स्टुलावर पाठमोरा लिफ्टमन बसलेला. वर जाताना कानांना दडे बसले, मग दार उघडलं आणि समोर काचेची गोल गॅलरी आली. फरशी नुकतीच पुसलेली, औषधाचा वास येत होता. खाली सगळं शहर पसरलेलं. वायरमननं बोट दाखवून आपलं घर शोधून काढलं, आणि ते आपलं नव्हेच, हे मिरचीनं दोन मिनिटांत सिद्ध केलं. चष्मेवाली पोट धरून हसली. किती दिवसांनी असं सगळ्यांनी मिळून बाहेर पडणं झालं होतं!

लिफ्टसमोरच्या बाकावर एक बाई बसली होती. तपकिरी स्वेटर, मांडीवर पर्स, पाय जुळवलेले. चष्मेवालीची नजर आधी चष्म्यावर गेली, धंद्याची सवयच ती. मोठाल्या, गालापर्यंत उतरलेल्या काचा आणि सोनेरी मुलाम्याच्या दांड्या. चष्मेवाली दुकानात नवी लागली तेव्हा असल्या फ्रेमा शेवटच्या विकल्या होत्या, त्यानंतर कुठे दिसल्या नाहीत. बाईंच्या फ्रेमवर मात्र एक ओरखडा नव्हता.

"इथे ऊन छान येतं," बाई आपणहून म्हणाल्या. "बाक ऊबदार राहतो."

"हो का? आम्ही निघालोच आता," चष्मेवाली म्हणाली.

"हो ना," असं म्हणत बाईंनी पर्स उचलली आणि त्याही उठल्या.

खाली जायला झुंबड उडाली. एका म्हाताऱ्या जोडप्याला पुढे सोडता सोडता चष्मेवाली सगळ्यांत शेवटी आत शिरली, आणि घंटा वाजायला लागली.

"एकजण जास्त आहे," लिफ्टमन म्हणाला.

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. अशा वेळी उतरायचं कुणी, हे चष्मेवालीच्या बाबतीत जन्मापासून ठरलेलं होतं. बसमधली जागा असो की दवाखान्यातला नंबर, ही आपली बाजूला.

"कालचा केक भोवला मला," ती हसून उतरली. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच."

"अगं थांब, सेन्सर बिघडला असेल," वायरमन आतून म्हणत होता. तेवढ्यात तपकिरी स्वेटरवाल्या बाई तिच्या कुशीला घसटून आत गेल्या. घंटा वाजली नाही. दार बंद झालं.

"काय अगोचर बाई आहे!" चष्मेवाली मोठ्यांदा म्हणाली. बाकीच्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढची लिफ्ट आली. ही आत गेली, घंटा वाजली, ही उतरली. त्याच्या पुढच्या खेपेला मात्र ती हट्टानं सगळ्यांच्या आधी शिरली आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. उतरू देत आज दुसऱ्या कुणाला तरी! घंटा वाजली. दारातला एक गृहस्थ वैतागून उतरला. घंटा चालूच. मग एक जोडपं उतरलं, मग कुरकुरत सगळेच उतरले. आत राहिली ती आणि लिफ्टमन.

"एकजण जास्त आहे," तो म्हणाला.

"अहो, आहे कोण इथे? मी एकटीच तर आहे!"

"एकजणच," तो पाठमोराच म्हणाला.

ती उतरली, तेव्हा सगळे पुन्हा आत गेले आणि लिफ्ट मुकाट्यानं खाली निघून गेली.

फोन नवऱ्याच्या पिशवीत राहिलेला. तिनं जिन्याचं दार शोधलं. कठडा घट्ट धरून ती उतरत राहिली, वळणामागून वळण, पायांत गोळे येईपर्यंत. मग एक दार लागलं. तिनं ते ढकललं.

काचेची गोल गॅलरी. बाक. बाकावर ऊन.

वळणं चुकली असतील, म्हणून तिनं पुन्हा जिना धरला. पुन्हा तेच दार, तीच गॅलरी. तिनं गॅलरीच्या दाराशी उभ्या पहारेकऱ्याचा दंड धरून सगळं सांगितलं, अगदी रडून सांगितलं. माझी पोरं खाली आहेत हो, मला घरी जायचंय.

"बसा ना जरा, ताई," तो मायेनं म्हणाला. "बाक ऊबदार आहे."

ती बसली नाही. काचेवर मुठी आपटून ओरडली. लोकांनी वळून पाहिलं आणि ते पुन्हा आपापली घरं शोधू लागले. कितीतरी लिफ्टा आल्या, गेल्या. शेवटी पाय साथ देईनात तेव्हा ती टेकली.

बाक खरंच ऊबदार होता.

"आई!"

लिफ्टच्या दारात मिरची उभी होती. मागे लिफ्टमन सोडला तर लिफ्ट रिकामी.

"अगं काय चाललंय तुझं? बाबा म्हणाले, जा, घेऊन ये तिला. आणि रडतेस काय अशी?"

चष्मेवालीनं तिला छातीशी धरलं. घामट केसांचा तो ओळखीचा वास! हात न सोडता दोघी आत गेल्या.

घंटा वाजली.

"एकजण जास्त आहे."

"मग मी उतरते," मिरची सहज म्हणाली. "तू जा. मी पुढच्या लिफ्टनं येते." आणि ती उतरलीसुद्धा.

घंटा थांबली.

चष्मेवाली जागची हलली नाही. एक क्षण, फक्त एक क्षण, तिला सुटल्याचा आनंद झाला. मग तिला पोरीच्या मागचा बाक दिसला.

दार सरकायला लागलं होतं. ती आडवी घुसून बाहेर आली, मिरचीचं मनगट धरलं आणि तिला आत ढकलून दिलं.

घंटा वाजली नाही.

आत मिरची धडपडली, सावरली आणि वळली. घरी पाहुणे आले की ती जसं शहाण्यासारखं हसायची, तसंच हसली.

"थँक्यू हं, काकू," ती म्हणाली. "माझी आई खाली थांबलीये, ती तपकिरी स्वेटरवाली."