पाय वर घ्या

ऑपरेटर त्या दिवशी जेवणाचा डबा घरी विसरला, म्हणून त्याची बायको दुपारच्या खेळाआधी थिएटरवर आली. तिचा उजवा गुडघा आखडलेला होता, वाकतच नसे. प्रोजेक्टरच्या खोलीचा जिना चढणं तिला झेपण्यातलं नव्हतं. तिने डबा दारावर तिकिटं फाडणाऱ्या काकांच्या हाती दिला.

"आल्याच आहात वहिनी, तर बसा की," काका म्हणाले. "जुना सिनेमा आहे. कुत्री माणसांवर उठतात. लोक हल्ली हसायलाच येतात."

ती शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर पाय लांब करून बसली. ऑपरेटरने वरच्या काचेतून तिला पाहिलं आणि तो मनातून सुखावला. त्याने लावलेला सिनेमा ती पहिल्यांदाच बघत होती.

सुरुवातीला लोक हसलेच. पडद्यावरची बाई किंचाळली, की मागून कोणीतरी भुंकायचं आणि अख्खं थिएटर खिदळायचं. मग तो प्रसंग आला. बंद घर, सुनसान रस्ता आणि अंगणात एकेक करून येऊन बसणारी कुत्री. गुरगुरणं नाही, काही नाही. नुसती बसलेली.

हसणं थांबलं. पण एकदम नाही. पुढून मागे, रांगेरांगेने थांबत आलं.

ऑपरेटरने काचेला नाक लावलं. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले होते. मग दुसऱ्या रांगेने घेतले. मग तिसऱ्या. पडद्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे वाकून आपापल्या खुर्चीखाली बघत होते, आणि खालून जे काही चाललं होतं, ते अजिबात घाई न करता मागे येत होतं.

त्याने मशीन बंद केलं. दिवे लावले. खालची फरशी लख्ख दिसली. फाटकी तिकिटं, एक पडलेला रुमाल, बस्स. तरीही एकेक रांग पाय उचलतच होती.

त्याने काचेवर मुठी आपटल्या. बायकोने वर पाहिलं नाही. दोन्ही हातांनी उजवा पाय धरून ती तो वर ओढत होती. पाय वाकत नव्हता.

तो जिना कसा उतरला, त्यालाच ठाऊक. दार ढकललं, तर ओल्या केसांचा उबट वास नाकात शिरला.

"अगं…"

"अहो, तिथेच थांबा." तिच्या ओठांतून जेमतेम हवा निघत होती. "हलू नका… माझ्या पावलावर डोकं ठेवलंय."

त्याला तिचं पाऊल दिसत होतं. चप्पल दिसत होती. वर काहीही नव्हतं. फक्त साडीचा काठ थोडा हलायचा, पुन्हा स्थिरावायचा. कोणाचा तरी श्वास लागावा तसा.

त्याने एक पाऊल पुढे टाकलं. त्याबरोबर अख्खं थिएटर मागे वळलं आणि सगळ्यांनी मिळून दबक्या आवाजात त्याला गप्प केलं,

"श्श्…"

तो थांबला. एवढा धडधाकट माणूस, पण दाराची कडी धरून नुसता उभा राहिला. बायको त्याच्याकडे बघत होती आणि त्याच्याच्याने काही होत नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हळूच एक पाय जमिनीवर टेकवला. मग दुसरा. मग हळूहळू सगळ्यांनीच टेकवले आणि लोक उठले. कोणी पैसे परत मागितले नाहीत. काकांनी सवयीने विचारलं, "कसा वाटला?" "बरा होता," असं म्हणत माणसं नजर चुकवून बाहेर पडली. ते गृहस्थ मात्र ऑपरेटरपाशी क्षणभर रेंगाळले.

"कोणाजवळ तरी थांबणारच होतं ते," ते पुटपुटले आणि काठी टेकत निघून गेले.

"गेलं का?" त्याने बायकोला विचारलं.

"काय गेलं?" ती म्हणाली. "चला, मला घरी सोडा. पाय जड झालाय."

तिला काहीच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. ती पूर्वीसारखी हसते, बोलते, स्वयंपाक करते. फक्त दुपारी तिचा डोळा लागला, की तिचा हात पलंगावरून खाली लोंबतो आणि पाठ थोपटावी तसा हवेत फिरत राहतो. ऑपरेटर दारात उभा राहून बघतो. जवळ जायचं धाडस होत नाही. आधी हात जमिनीपासून वीतभर उंचीवर फिरायचा.

हल्ली थोपटताना तिला कोपर उचलावं लागतं.