सातापैकी सात

मुलींच्या शाळेच्या पाचवीच्या वर्गात बत्तीस दाढीमिशीवाले पुरुष गुडघे छातीशी घेऊन बसलेले पाहिले आणि शरयूला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला आणि खोकल्याचं निमित्त केलं.

ते सत्तावन्न सालच्या श्रावणातलं. जालन्यात सकाळपासून भुरभूर चालली होती. हैदराबादचं राज्य जाऊन मुंबईचं आलं, तसे मोटारखात्याचे कायदेही बदलले होते. डेपोच्या कारखान्यातल्या प्रत्येक मिस्त्रीची परीक्षा घ्या, असा वरून हुकूम आला होता. आधी लेखी, मग इंजिनावर. जो नापास होईल त्याचं मिस्त्रीपद जाणार, आणि काल ज्याला तो कामं सांगत होता त्याच्याच हाताखाली त्याला नटबोल्टचे पाने उचलून द्यावे लागणार. डेपोत बसायला जागा नव्हती, म्हणून रविवारी शाळेचा वर्ग मागून घेतला. देखरेखीला यायचे ते मास्तर नेमके तापानं आडवे झाले, आणि मुख्याध्यापिकांनी गणिताच्या शरयूबाईंना धाडलं.

शरयूबाई वयानं चोवीसच्या, पण त्यांच्या तासाला माशीसुद्धा विचारून उडते, असं मुली म्हणत. तिनं दोऱ्यानं शिवलेल्या कोऱ्या वह्यांवर स्वतःच्या हातानं नंबर घातले, वाटल्या आणि प्रश्न वाचून दाखवले. तिसरा प्रश्न असा होता : सहा सिलिंडरच्या इंजिनात कोणता सिलिंडर कोणामागून पेटतो, आणि तोच क्रम कशासाठी? तिला त्यातलं अक्षर कळलं नाही. बत्तीसजण मात्र माना डोलावत होते.

शेवटच्या बाकावरच्या उंच माणसानं हात वर केला. भुजंग त्याचं नाव, तीर्थपुरीच्या शेतकऱ्याचा मुलगा. धुतलेला खाकी सदरा, आणि कितीही घासले तरी काळेच राहणारे नखांचे कोपरे.

"बाई, उर्दूत लिहिलं तर चालंल का? माझी सगळी शाळा उर्दूत झाली. मराठी बोलता येतं, वाचता येतं थोडं. लिवता येत न्हाई."

निजामाच्या राज्यात शाळा म्हणजे उर्दूच. शरयू स्वतः सातवीपर्यंत तीच शिकली होती. तिनं सूचनांचा कागद वरून खाली वाचला. उर्दू नको असं कुठंच लिहिलं नव्हतं.

"चालेल," ती म्हणाली. विचारायला वर कोणी नव्हतं, आणि तिच्या त्या एका शब्दावर तो निर्धास्त झाला.

तासाभरानं फिरता फिरता ती त्याच्या बाकामागं आली आणि सहज वहीत डोकावली. त्यानं लिहिलं होतं : एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. आणि त्याखाली : एक आणि सहा हे जोडीदार आहेत. दोघांचे दट्टे बरोबरच वर येतात, बरोबरच खाली जातात. एक जोर लावतो तेव्हा सहा श्वास घेतो. पुढच्या खेपेला सहा जोर लावतो, एक श्वास घेतो. तसेच पाच आणि दोन, तसेच तीन आणि चार. म्हणून कोणी एकटा दमत नाही आणि गाडी हिसके देत नाही.

शरयू जागीच थबकली. एक आणि सहा, सात. पाच आणि दोन, सात. तीन आणि चार, सात! तिनं पुन्हा बेरीज केली, जणू ती चुकण्यासारखी होती. गावाकडं जाणाऱ्या ज्या मंठ्याच्या गाडीत ती लहानपणापासून चिवड्याची पुडी घेऊन बसत आली, त्या गाडीच्या पोटात हे गणित चाललं होतं आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"काही चुकलं का, बाई?" त्यानं मान वर करून हळूच विचारलं.

"नाही... बराबर आहे," ती म्हणाली, आणि उगीचच जाऊन खिडकी लावली.

वेळ संपल्यावर तिनं वह्या गोळा केल्या. भुजंगची वही गठ्ठ्यात पालथी आली होती. नीटनेटक्या शरयूनं ती सरळ केली, नंबर वर घेतला आणि गठ्ठा बांधला.

पंधरा दिवसांनी शाळा सुटताना तो फाटकाशी सायकल धरून उभा होता. रागावला असता तर शरयूला बरं वाटलं असतं. पण त्यानं नुसतं विचारलं की त्याचं अक्षर इतकं वाईट होतं का. यादी लागली होती. एकतीसजणांना कमीजास्त मार्क होते आणि त्याला शून्य. बुधवारी इंजिनावरची परीक्षा होती, पण त्याला त्या परीक्षेला बसताच येणार नव्हतं.

"बारा वर्सं झाली, बाई. उस्तादांनी मरताना त्यांची काठी माझ्या हाती दिली. इंजिन ऐकायची काठी. आता हेल्पर होऊन ती कोन्त्या तोंडानं हातात धरू? पाच-धा मार्क तरी पडाया पाह्यजे होते."

"शून्य कसं पडेल? मी स्वतः वाचलंय," शरयू म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला ती पालथी वही आठवली. "तुम्ही लिहायला सुरुवात कुठून केली?"

"कुठून म्हंजे? पहिल्या पानापासून."

"पहिलं म्हणजे... तुमचं पहिलं?"

भुजंगनं सायकल सोडली आणि हवेतच एक पान उलटून पाहिलं, डावीकडून उजवीकडे. त्याचा हात तसाच राहिला. उर्दूची वही जिथून सुरू होते तिथं मराठीची संपते. त्यानं त्याच्या पहिल्या पानापासून लिहिलं, तपासणाऱ्यानं स्वतःचं पहिलं पान उघडलं, पुढची दोन कोरी पाहिली आणि शून्य ठोकलं. वही पालथीच राहिली असती तरी निभावलं असतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच!

बुधवारी शरयूनं नोकरीत पहिल्यांदा अर्धी रजा काढली आणि ती डेपोत गेली. तेलानं काळ्या झालेल्या जमिनीवरून पांढरं पातळ सावरत एक बाई येते आहे हे पाहून कारखान्यातल्या हातोड्या थांबल्या. पुण्याकडून आलेले तपासनीस साहेब चहा पीत होते. तिनं घडलं ते सगळं सांगितलं, स्वतःची चूकही लपवली नाही. साहेबांनी गठ्ठ्यातून वही काढली आणि कोरी पानं तिच्यापुढं धरली. तिनं ती त्यांच्या हातातून घेतली आणि नुसती उलटी केली.

साडेचार पानं भरलेली होती. साहेब चष्मा काढून बघत राहिले. मग म्हणाले की त्यांना ही लिपी येत नाही. शरयू म्हणाली, मी वाचते. आणि सगळ्या कारखान्यासमोर उभी राहून तिनं भुजंगची उत्तरं मराठीत वाचून दाखवली. वाचताना तिचा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत होता, फक्त 'एक जोर लावतो तेव्हा सहा श्वास घेतो' इथं तो जरासा अडला.

"बाई, हे तुम्हीच मनानं जोडून सांगताय, असं कोणी म्हटलं तर?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, व्हॉल्व्ह कशाला म्हणतात ते मला ठाऊक नाही. हे मला मनानं जोडता आलं, तर मिस्त्रीची जागा मलाच द्या."

मिस्त्री खदाखदा हसले, साहेबही हसले. पण ते हाडाचे परीक्षक होते. मध्ये एक इंजिन लोखंडी घोडीवर चढवलेलं होतं. त्यात साहेबांनी सकाळीच स्वतःच्या हातानं एक खोट करून ठेवली होती, आणि ती काय हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. उघडून न बघता सांग, ते भुजंगला म्हणाले.

इंजिन सुरू झालं. भुजंगनं बाभळीची हातभर काठी काढली, तिचं एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं कानाशी धरलं आणि डोळे मिटले. शरयू त्याच्याकडे बघत होती. आजारी लेकराच्या छातीला आई कान लावते, तसा त्याचा चेहरा झाला होता. काठी एकेका सिलिंडरवरून सरकत गेली, मागं आली, पुन्हा गेली.

"पाचवा श्वास घेऊन राह्यलाय, पण जोर लावत न्हाई," तो म्हणाला. "प्लगची फट बुजल्याली दिसती. त्याच्या जोडीदाराला एकट्यालाच वढावं लागून राह्यलंय."

"जोडीदार कोणता?" साहेबांनी विचारलं.

"दोन," शरयू म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भुजंगनं डोळे उघडले, आणि तिच्यावरची नजर काढायला त्याला अंमळ उशीरच झाला.

साहेबांनी मान डोलावली. पाचव्याचा प्लग त्यांनीच बुजवला होता. पण भुजंगची काठी अजून खाली आली नव्हती. चारच्या वर आणखी एक टकटक आहे, तो म्हणाला, व्हॉल्व्ह दाबणारं टॅपेट कागदाएवढं ढिलं झालंय, हे काही साहेबांनी केलेलं नाही. साहेबांनी इंजिन बंद करायला लावलं, झाकण काढलं आणि फटीत मापाची पट्टी घातली. खरोखरच कागदाएवढा फरक होता.

मग प्लग बदलून, टॅपेट बसवून इंजिन पुन्हा सुरू केलं, तेव्हा भुजंगनं काठी शरयूपुढं केली. "ऐका ना, बाई. तुमच्यामुळं वाचलो. बराबर चाललेलं इंजिन कसं बोलतं ते तरी ऐका."

तिनं काठी कानाला लावली. बाहेरचा सगळा गोंगाट दूर गेला आणि आत, लाकडाच्या पोटातून, एक गोल, भरदार ठेका आला. कुठं खंड नाही, कुठं घाई नाही. सहाजण एकमेकांना सांभाळून घेत होते. देवळातला मृदंग तिनं ऐकला होता, पण लोखंड असं बोलतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. ते त्यानं पाहिलं, आणि भर दुपारी, शेदीडशे माणसांत, शरयू त्या माणसाच्या प्रेमात पडली.

साहेबांनी त्याला पहिल्या वर्गात पास केलं, पण अट घातली की सहा महिन्यांत मराठीत रिपोर्ट लिहिता आला पाहिजे. कोण शिकवणार, असं विचारून त्यांनी चष्म्यावरून शरयूकडे पाहिलं.

मग दर रविवारी तो तिच्या घरी येऊ लागला. तिची आई उषाबाई उंबऱ्यात भाजी निवडत बसायची आणि त्याला तीर्थपुरीचं शेत, बहिणी, आईचं दुखणं, सगळं विचारून घ्यायची. मंठ्याकडचं शेत तिनं दहा वर्षं एकटीनं सांभाळलं होतं, तिला माणूस पारखता येत होता. तिचा कुरकुरणारा स्टो त्यानं नुसता ऐकून दुरुस्त केला, तेव्हापासून पोह्यांची बशी जरा जास्तच भरू लागली. शरयूनं त्याला दोऱ्यानं शिवलेली वही दिली होती. त्याची अक्षरं गोल, देखणी यायची. फक्त शब्द डावीकडून लिहून झाला की वरची रेघ तो उजवीकडून ओढायचा.

"रेघ तिकडून का ओढता?" तिनं एकदा दटावलं.

"सवय हाय. जाताना तुमच्या बाजूनं जातो, येताना माझ्या बाजूनं येतो."

पुढचा शब्द काय सांगायचा होता ते शरयू विसरली, आणि उषाबाईंनी निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला घेतली.

माघात हुकूम आला. मंठ्याला नवा कारखाना निघाला होता, आणि भुजंगला तिथं मुख्य मिस्त्री म्हणून जायचं होतं. शेवटच्या रविवारी तो आला, वही पुढं ठेवली, तपासा म्हणाला, उद्या सकाळच्या गाडीनं जातो म्हणाला, आणि पोहे न खाताच गेला. शरयूनं घाईघाईनं पानं चाळली. बाराखडी, महिन्यांची नावं, रिपोर्टाचे नमुने. मग कोरी पानं. एक, दोन, तीन, सगळी कोरी. सहा महिन्यांत या माणसाला एवढंच सुचलं? तिनं वही मिटून फळीवर टाकली.

ती पालथी पडली.

शरयू क्षणभर तिच्याकडे बघत राहिली आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. बत्तीस वह्यांतली ही चूक जिनं ओळखली होती, तिनंच ती पुन्हा केली होती. तिनं मागचा पुठ्ठा उघडला. उलट बाजूच्या पहिल्या पानावर, मराठीत, एकही अक्षर न चुकता लिहिलं होतं :

'बाई, ही वही तुम्ही तुमच्या पहिल्या पानापासून सुरू केली. मी माझ्या पहिल्या पानापासून करतो. दोघं लिहीत गेलो तर मधल्या पानावर भेट होईल. तुमची मर्जी असेल तर. नसेल तर वही कोरी परत द्या, मी समजून घेईन.'

सकाळी मोटारस्टँडवर धुकं होतं. मंठ्याची गाडी सुरू होती, आणि भुजंग खाली उभा राहून सवयीनं तिचं इंजिन ऐकत होता. शरयू आली आणि वही त्याच्या हातात दिली. त्यानं आपल्या बाजूनं उघडली. त्याच्याच ओळी, खाली काही नाही. त्याचा चेहरा उतरला.

"मधलं पान," ती म्हणाली.

मधल्या पानावर, जिथं वहीचा दोरा असतो तिथं, तांबड्या शाईनं चार ओळी होत्या. तो लहान मुलासारखा ओठ हलवत वाचू लागला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

"मला जल्दी वाचता येत न्हाई," तो कानकोंडा होऊन म्हणाला.

"वाचा सावकाश. मला कुठं घाई आहे..."

तिथं लिहिलं होतं : 'उत्तर बरोबर आहे. आईनं तुमच्या आईला आमच्याकडे बोलावलं आहे. येताना काठी आणा. सातापैकी सात.'

त्यानं ते शेवटपर्यंत वाचलं आणि मान वर केली. तेवढ्यात गाडी हलली. आयुष्यात पहिल्यांदाच भुजंगला इंजिनाचा आवाज ऐकू आला नव्हता. गाडी त्याला न घेताच धुक्यात शिरली, आणि पुढच्या गाडीला चांगले तीन तास होते.