एकोणिसावी पत्रावळ

नीराबाई मास्तरीण म्हणजे तळ्याच्या शाळेतलं खणखणीत नाणं. मुलींना वर्गात कोंडून झाडंपाखरं शिकवायची, हे त्यांना मुळीच पटत नसे. म्हणून साठ सालच्या आवळेनवमीला त्यांनी घरोघर फिरून, आयांच्या मिनतवाऱ्या करून, एकोणीस मुली खाडीतल्या बेटावर वनभोजनाला नेल्या. मैनाची आई बायजा तर होडीपर्यंत आली होती.

"बाई, येकुलती येक लेक हाय माझी. पान्यापाशी सोडू नगा."

"माझ्या पदराला बांधून ठेवते, मग तर झालं?" नीराबाई म्हणाल्या.

आणि ते बेट! काय सांगू तुम्हाला! ओहोटीनं उघडे पडलेले काळे खडक, भोवती खाऱ्या चिखलात वाढलेल्या तिवरांची गर्द झाडी, मधोमध फळांनी वाकलेला आवळा. खंड्यानं पाण्यात सूर मारला की मुली टाळ्या पिटत. समुद्रगरुडाचं जोडपं डोक्यावर घिरट्या घालू लागलं, तेव्हा होडीवाला दयारामसुद्धा मान वर करून बघत राहिला. उभा जन्म खाडीत गेला होता त्याचा, तरी!

बाईंचा एक नियम होता. प्रत्येकीनं आपली पत्रावळ आपणच टोचायची, आणि जेवण झालं की ती बाईंपुढे आणून ठेवायची. पत्रावळी मोजल्या की मुली मोजल्या. पोरी एका जागी उभ्या राहत नाहीत, पत्रावळी राहतात, असं त्या हसून सांगत.

वालाचं बिरडं आणि भाकऱ्यांवर पंगत तुटून पडली. टोकाची मुलगी तर मान वर न करता जेवत होती. बाईंनी तिला तीनदा वाढलं.

मग मोजणी झाली. बरोबर एकोणीस. अठरा पळसाच्या, आणि एक तिवराच्या इवल्या इवल्या पानांची! शंभरेक पानं असतील, पण टोचण कुठं दिसेल तर शपथ.

"अगंबाई, ही कुणाची गं? काय हात आहे!"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. लाजली असेल, असं बाईंना वाटलं.

"बाई, पानी फिरलं," दयारामनं हाक दिली. "निगाया पायजे."

होडी मध्यावर आली. वारा पडला होता. वल्ह्यांच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं, आणि कुठून तरी ओल्या चिखलाचा वास येत होता.

"बाई..." मागच्या फळीवरून गोदू म्हणाली. "मैना कुठंय? मघापासून माझ्या शेजारी कुणीतरी बसलं होतं... मला वाटलं तीच आहे."

नीराबाई उभ्या राहिल्या. त्यांनी डोकी मोजली. अठरा.

"दयाराम, मागे फिरवा! आधी मागे फिरवा हो!"

बेटाच्या टोकाला एकच खडक उरला होता. भरतीनं तो चहूकडून वेढला होता आणि त्यावर मैना उभी होती, ओच्यात आवळे घेऊन. पाणी पावलांपासून वीतभर खाली होतं. दयारामनं त्या लाटांत होडी अशी काही खडकाला लावली, की पोरीचं पाऊलसुद्धा भिजलं नाही. वा रे गड्या!

बाईंनी तिला छातीशी कवटाळलं. "जेवून इथं कशाला आलीस गं?"

"मी जेवलेच न्हाय, बाई. गरुड बघत बसलेले. ती म्हनली, तू बघ सावकाश, तुझ्या वाटचं मी जेवते..."

"ती कोण?"

"तिवरात व्हती ती. मंग पानी आलं, तवा म्हनली... आता तू हितं ऱ्हा. तुझ्या जागी मी घरी जाते."

दयारामनं वल्हं घट्ट धरलं. "बाई, हितं बोलू नगा. घर गाठू आधी."

धक्क्यावर बायजा वाट बघत उभी असलेली दिसू लागली. नीराबाईंनी आता पत्रावळींवर नाही, डोळ्यांवरही नाही, हातावर विश्वास ठेवायचं ठरवलं. प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवून त्या मोजत गेल्या. गोदू सतरा. मैना अठरा. शेवटची एकोणीस. हुश्श! देव पावला!

मग त्यांनी कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला. सगळ्या मुली कोरड्या होत्या. बाईंचा तळहात मात्र ओलाचिंब होता, आणि बोटांना तिवराचं एक इवलंसं पान चिकटलं होतं. एकोणिसांत एक तिवरातली ती होती, मग बेटावर राहिली कोण?